मनुबाईचा मसाला आणि माझी लाल रेघ

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. विज्ञान अजिबात अवघड नसतं. विज्ञानवाले ते अवघड करून सांगतात, कारण नाहीतर त्यांना विचारणार कोण? आता मला बघा. दहावीला सायन्समध्ये मी काठावर पास, आणि तो काठसुद्धा बाईंनी दया येऊन पुढे सरकवलेला. तरीपण आमच्या मानपाड्यात फॉरेन्सिक केमिस्ट्रीचा पहिला जाहीर प्रयोग कोणी घडवून आणला? या देवरामनं! कसा घडवला ते विचारू नका. म्हणजे विचारा, मी सांगणारच आहे.

आमच्या बापजाद्यांची इथं भातशेती होती. आता भाताच्या जागी टॉवर उगवलाय. त्याला ना लावणी लागते ना कापणी. आम्ही भाऊबंद टॉवरच्या मागे जुन्या घरांमध्ये राहतो, थोड्या खोल्या भाड्यानं दिल्यात, त्यामुळे माझ्याकडे वेळ भरपूर. आणि रिकामा वेळ असलेला माणूस एकतर भजनाला लागतो नाहीतर मस्करीला. भजनात माझा सूर लागला नाही.

माझी गाजलेली मस्करी म्हणजे लिफ्टची. टॉवरमध्ये नवीन लिफ्ट बसली, तेव्हा मी आत एक छापील पाटी चिकटवली: 'ही लिफ्ट आवाजावर चालते. कृपया आपला मजला स्पष्ट उच्चारावा.' सोसायटीचे चेअरमन गुरुदत्त साहेब, निवृत्त मुख्याध्यापक, उच्चार एकदम चोख. लिफ्टमध्ये उभे राहून "अकरा" बोलत होते. मग "एकादश" बोलून बघितलं. शेवटी इंग्लिशमध्ये. बाहेर आम्ही पोट धरून बसलेलो. तेव्हापासून साहेब माझ्याकडे असे बघतात, जसं मांजर फिशटँककडे बघतं. आणि तेव्हापासून मी जे काही बोलेन त्यावर टॉवरमध्ये कोणी विश्वास ठेवत नाही. हे लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

तर मसाला. मनुबाई माझी वयनी, थोरल्या भावाची बायको. भाऊ गेल्यावर तिनं मसाला करून विकायला सुरुवात केली. कृती माझ्या आईची, रखमाबाईची. आईनं ती कृती मला कधी सांगितली नाही, कारण मला ओळखून होती. एप्रिल आला की वयनीच्या गच्चीवर मिरच्या वाळत पडणार, लवंगी वेगळी, बेडगी वेगळी, काश्मिरी वेगळी. मग धणे, खसखस, दगडफूल, हळकुंड, सगळं भाजून कांडपाला. कोंबडीच्या रश्शात वयनीचा मसाला पडला की टॉवरवाले आधी ठसक्यानं खिडक्या बंद करायचे, मग वासानं उघडायचे, मग खाली येऊन विचारायचे, "काकी, आम्हाला मिळेल का?" असं करत करत अर्धा टॉवर तिचं गिऱ्हाईक झाला. पाड्यातल्या चार बायका तिच्या हाताखाली आल्या. यंदा स्वतःची कांडप गिरणी घालायची असं ठरत होतं.

आणि तेवढ्यात तो व्हिडिओ आला.

टॉवरमधल्या लेडीज ग्रुपची ॲडमिन कल्पिता. पोरगी चांगली आहे, फक्त मोबाईलवर जे येतं ते लगेच करून बघते. मोबाईलवर आलं की काचेच्या ग्लासात पाणी घ्या, वर चमचाभर मसाला टाका, रंग खाली उतरला तर समजा भेसळ. हिनं वयनीचा मसाला टाकला. रंग उतरला. हिनं ग्लासाचा फोटो ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, 'काकींबद्दल आदर आहे, पण.' बस. मराठीत 'पण' या शब्दानं जेवढे संसार मोडले तेवढे दारूनं नसतील मोडले. दुपारपर्यंत सगळ्या ऑर्डरी थांबल्या.

वयनी रडली नाही. ती रडली असती तर बरं झालं असतं. तिनं गच्चीवरच्या मिरच्या तशाच ठेवल्या, बरण्यांची तोंडं फडक्यानं बांधली आणि मला बोलली, "देवराम, सासूच्या हातचा मसाला हाय तो. त्याच्यात मी रंग टाकीन? येत्या रविवारपर्यंत कोनी येऊन बोललं नाय ना, का मनुबाई तुजा मसाला चोख हाय, तर सगल्या बरन्या विहिरीत ओतीन. परत पाट्याला हात लावनार नाय."

आणि वयनी बोलते ते करते. एकदा भावाला बोललेली, परत दारू पिऊन आलास तर दार उघडणार नाही. भाऊ महिनाभर खिडकीतून घरात यायचा.

मी तसाच उठलो आणि थेट टॉवरच्या क्लब हाऊसमध्ये गेलो. कमिटी बसलेली. मी बोललो, "रविवारी सकाळी इथंच, सगळ्यांसमोर, मसाल्याची टेस्ट होईल. फॉरेन्सिक टेस्ट. आमची निशिगंधा करणार."

निशिगंधा म्हणजे वयनीची मुलगी. फॉरेन्सिक सायन्समध्ये एम.एस्सी. करतेय, शेवटचं वर्ष. पण हे पाड्यात कोणाला माहीतच नव्हतं, कारण फॉरेन्सिक म्हणजे मुडद्यांचं काहीतरी, पोरीचं लग्न कसं जमायचं, म्हणून वयनीनं सगळीकडे सांगून ठेवलेलं की पोर बँकेचं शिकते. त्यामुळे माझ्या एका वाक्यात दोन बॉम्ब फुटले.

गुरुदत्त साहेब चष्म्यावरून बघत बोलले, "देवराम, ही चाचणी लिफ्टसारखी आवाजावर चालणार आहे का?"

"साहेब, यावेळी खरं आहे."

"तेव्हाही पाटीवर 'कृपया' लिहिलं होतं," साहेब बोलले. पण कल्पिता मध्ये पडली. बोलली, करूया ना, मलाही नक्की काय ते कळायला पाहिजे, उगाच कोणाचं नाव खराब नको. मग ठरलं.

घरी येऊन निशिगंधाला सांगितलं. ती जेवत होती. घास तसाच हातात.

"काका, तुम्ही मला विचारलंत?"

"तुझ्या वतीनं मी हो बोललो ना."

"मी मसाला करणाऱ्याची मुलगी आहे. मी केलेली टेस्ट कोण मानेल?"

ही गोष्ट माझ्या डोक्यात आलेलीच नव्हती. पण पोर हुशार. हात धुवून येईपर्यंत तिनं मार्ग काढलेला. ती स्वतः कशालाही हात लावणार नाही. नमुने कल्पितानं आणायचे, कल्पितानंच लावायचे, आणि ते लावले जात असताना निशिगंधा क्लब हाऊसच्या बाहेर उभी राहणार. कुठली पट्टी कोणाची हे एकट्या कल्पिताला माहीत. शेवटी निशिगंधा आत येऊन फक्त काय दिसतं ते वाचणार.

मी खूश. माझ्या डोळ्यांसमोर पांढरे कोट, धूर, जांभळं पाणी भरलेल्या वाकड्या नळ्या. निशिगंधानं टेबलावर काढलं काय? लोणच्याच्या रिकाम्या बरण्या, गाळणीचा पांढरा कागद, टूथपिक आणि मीठ.

"हे काय?" मी बोललो. "टेस्ट करायची का कैरीचं लोणचं घालायचंय?"

तिनं समजावलं. कागदाची पट्टी कापायची. खालच्या बाजूला एक रेघ. रेघेवर मसाल्याच्या अर्काचा ठिपका. पट्टीचं टोक मिठाच्या पाण्यात बुडवून बरणीत उभी करायची, ठिपका पाण्याच्या वर राहील अशी. पाणी कागदातून वर चढतं. बाजारी रंग पाण्यात विरघळणारा असेल तर तो पाण्याबरोबर वर पळतो. मिरचीचा स्वतःचा रंग तेलातला, तो पाण्याला भीक घालत नाही, जागेवर बसून राहतो.

मला लगेच कळलं. आमच्याकडची लग्नाची हळद! बँजो सुरू झाला की काही लोक बँजोबरोबर नाचत नाचत पार रस्त्यापर्यंत जातात, आणि काही मामा लोक मटणाच्या टेबलावरून हलत नाहीत. रंग म्हणजे नाचणारे, मिरची म्हणजे मामा. निशिगंधा बोलली, बरोबर, आमच्या मॅडमनापण असं सांगता आलं नव्हतं. आता सांगा, एवढं ऐकल्यावर माणूस स्वतःला सायंटिस्ट समजणार नाही तर काय?

पट्ट्या चार. एक वयनीच्या मसाल्याची. दुसरी कल्पिता आणेल त्या दुसऱ्या कुठल्यातरी मसाल्याची. तिसरी जिलबीत टाकतात त्या लाल रंगाची, म्हणजे रंग पळाला की कसा दिसतो ते कळायला. आणि चौथी कोरी.

"कोरी कशाला? पट्टी फुकट?"

"तिला ब्लँक म्हणतात, काका. काही लावलेलं नसताना काही दिसत नाही ना, हे बघायला."

"काही लावलेलं नसताना काही दिसणार नाही, हे मी तुला असंच लिहून देतो."

निशिगंधानं माझ्याकडे बघितलं. अशा नजरेनं डॉक्टर एक्स-रेकडे बघतात. मग बोलली, "काका, रेघा मी पेन्सिलनं मारून ठेवल्यात. तुमचं काम एकच. पट्ट्या सांभाळायच्या. आणि पेन वगैरे त्यांच्या जवळ न्यायचं नाही." त्याचं कारणही तिनं सांगितलेलं. पण त्याच वेळी आमच्या हिनं कोलंबीची भजी समोर ठेवली, आणि माणसाला कान दोन असले तरी लक्ष एकच असतं.

रविवारी क्लब हाऊस गच्च. एवढी गर्दी तर पाण्याच्या प्रश्नावरच्या मीटिंगलाही नव्हती. पाड्यातली मंडळी एका बाजूला, टॉवरवाले दुसऱ्या बाजूला, लग्नातल्या दोन पक्षांसारखे. वयनी सगळ्यात मागे, दाराजवळ. पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला, चेहरा दगडाचा. निशिगंधा ठरल्याप्रमाणे बाहेर गेली आणि जाताना मला बोटानं खूण केली, म्हणजे हात लावू नका.

कल्पितानं मसाले कोमट पाण्यात भिजवले, टूथपिकनं ठिपके लावले, वाळवले, परत लावले. नीट काम करत होती पोरगी, जीभ बाहेर काढून, रांगोळीचे ठिपके काढावेत तशी. ठिपके वाळत ठेवून ती हात धुवायला गेली. टेबलापाशी मी एकटा. म्हणजे मी आणि विज्ञान. रेघ, नाचणारे, मामा, सगळं मी लोकांना समजावून सांगायला लागलो.

तेवढ्यात मागून गुरुदत्त साहेबांचा आवाज आला. "देवराम, तुम्ही त्या रेघेबद्दल सांगताय, ती रेघ आहे कुठे? आम्हाला तर नुसता कोरा कागद दिसतो. का तीही मनातच बघायची?"

लोक हसले.

आता मला सांगा, मी काय करायला पाहिजे होतं? रेघ खरंच दिसत नव्हती. निशिगंधाची पेन्सिलची रेघ म्हणजे डासाच्या मिशीएवढी. आणि टॉवरवाल्यांना रेघच दिसली नाही तर रंग तिच्या वर गेला का खाली राहिला हे त्यांना कळणार कसं? उद्या परत बोलतील, आम्हाला काही दिसलंच नाही. माझ्या वयनीच्या अब्रूचा प्रश्न. क्लब हाऊसच्या कोपऱ्यात मुलांच्या चित्रकला स्पर्धेचं सामान पडलेलं. त्यात स्केचपेनांचं पाकीट. मी लाल उचललं. लाल का? कारण लांबून दिसतं. आणि मसाल्याला मॅचिंग.

चारही पट्ट्यांवर मी निशिगंधाच्या रेघेवरून अशी सुरेख लाल रेघ ओढली की बघत राहावं. सवाष्णींना कुंकू लावावं तसं चौघींना समान. कोणावर अन्याय नको म्हणून कोऱ्या पट्टीलाही ओढली. मागे वळून विचारलं, "आता दिसतं का साहेब?"

"आता उत्तम दिसतं," साहेब बोलले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझं कौतुक केलं.

मी इतका खूश झालो की कल्पिता परत आल्यावर तिला सांगायचं विसरलो. तिला वाटलं हाही टेस्टचाच भाग असेल. तिनं पट्ट्या बरण्यांमध्ये उभ्या केल्या, झाकणं ठेवली. पाणी चढायला लागलं.

आणि पाण्याबरोबर लाल चढायला लागलं.

पहिल्यांदा मला वाटलं, वा, रंगाची पट्टी असणार. मग दुसरीवर चढलं. मग तिसरीवर. चौथीवर तर ज्वाळा पेटल्यासारखं, वरपर्यंत गुलाबी-लाल ओघळ, उलटे. चारही बरण्यांत चार होळ्या. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. कोणती पट्टी कोणाची हे कल्पिता सोडून कोणाला माहीत नव्हतं, पण त्याची गरजच नव्हती ना. चारही लाल, म्हणजे त्यात मनुबाईचीपण लाल.

कोणीतरी बोललं, "बघा, रंग निघाला." पाड्याच्या बाजूनं सगळ्यांनी माना खाली घातल्या. ते जास्त वाईट होतं.

मी मागे बघितलं. वयनी उठलेली. तिनं पदर सारखा केला आणि दारातून बाहेर गेली. त्याच दारातून निशिगंधा आत आली. दोघी एकमेकींना घासून गेल्या, आणि वयनीनं पोरीकडे बघितलंसुद्धा नाही.

निशिगंधानं बरण्या बघितल्या. मग रेघा बघितल्या. मग खूप सावकाश माझ्याकडे.

आणि मला ती भजी आठवली. भज्यांबरोबर ते कारणही आठवलं. शाई पाण्यात पळते, काका. म्हणून पेन्सिल.

मी टेबलावर चढलो. खरंच चढलो. बोललो, "थांबा, रंग मसाल्याचा नाही, माझा आहे. मी स्केचपेननं रेघा ओढल्या. मी मूर्ख आहे."

गुरुदत्त साहेब उठले. आवाजात राग नव्हता, उलट दया होती. "देवराम, वहिनीसाठी तुमचा जीव तुटतो हे आम्हाला समजतं. पण दर वेळी अशी नाटकं करून कसं चालेल?"

"साहेब, तुमच्या समोर ओढल्या! तुम्हीच बोललात उत्तम दिसतं!"

"मी लांबून बघितलं. तुम्ही कसलं पेन फिरवलंत, त्याचा रंग पळतो का नाही, मी काय सांगू? लिफ्टच्या वेळीही तुम्ही शपथ घेतली होती."

घेतलेली. लिफ्टच्या वेळी मी शपथ घेतलेली, तीपण खंडोबाची. आयुष्यभर मुद्दाम घोळ घातले, तेव्हा काही बिघडलं नाही. आज पहिल्यांदा मनापासून मदत केली तर घर बुडायची वेळ आली, आणि खरं बोलतोय तर ते कोणी विकत घेईना. मी टेबलावर उभा, सगळे खालून माझ्याकडे बघतायत, जसं गोविंदा वर चढलाय पण हंडीच बांधलेली नाही.

निशिगंधा मात्र शांत. माझ्याकडे तिनं लक्षच दिलं नाही. ती कल्पिताला बोलली, "ताई, यातली कोरी पट्टी कोणती? जिच्यावर तुम्ही काहीच लावलं नाहीत ती?"

कल्पितानं चौथ्या बरणीकडे बोट दाखवलं. होळी सगळ्यात जोरात पेटलेली ती.

"नक्की? मसाला, रंग, काहीच लावलं नाही?"

"काहीच नाही. मीच तर ठेवली."

"मग हिच्यावर हा लाल रंग कुठून आला?"

लोक चौथ्या बरणीकडे बघायला लागले. मग निशिगंधा माझ्याकडे वळली. "काका, हात दाखवा."

मी हात पुढे केला. उजव्या हाताची तर्जनी आणि अंगठा, लालभडक. साहेब जवळ आले, चष्मा लावून माझं बोट बघितलं, मग कोरी पट्टी बघितली, मग परत बोट. आणि बोलले, "अरेच्चा. हा गृहस्थ खरं बोलत होता."

म्हणजे बघा. एवढा मोठा मी, या मातीत जन्मलेला, टेबलावर उभा राहून ओरडून सांगतोय, तर कोणी ऐकेना. आणि एका कोऱ्या कागदावर सगळ्यांचा विश्वास बसला.

निशिगंधा बोलली, टेस्ट परत होईल, नवीन पट्ट्या आहेत, ताईच करतील, मी परत बाहेर जाते. "आणि काका, तुम्ही आईला घेऊन या. इथं थांबू नका. प्लीज." जाताना तिनं ती कोरी पट्टी माझ्या हातात दिली, टिश्यूवर ठेवून.

मी धावलो. माझ्या पोटाला धावणं म्हणजे काय हे विसरायला झालेलं, त्यानं रस्ताभर आठवण करून दिली. घराच्या मागे आमची जुनी विहीर. कठड्यावर तीन बरण्या मांडलेल्या, चौथी वयनीच्या हातात, फडकं सोडलेलं. वासानं डोळ्यांत पाणी आलं. वासानंच आलं, असं मी सगळ्यांना सांगतो.

"वयनी, थांब. रंग तुझ्या मसाल्याचा नाही. मी रेघ ओढली लाल पेननं, ती पळाली."

"देवराम, आज मस्करी नको रं. हात जोडते."

"मस्करी नाही. ही बघ, ही कोरी पट्टी. हिच्यावर मसाला लावलाच नव्हता, तरी लाल झाली."

तिनं पट्टी हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली. "ही तूच रंगवली असशील."

"हो! मीच रंगवली! तेच तर सांगतोय मघापासून!"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग पट्टीकडे. बरणी तशीच विहिरीवर तिरकी.

"म्हंजी," ती सावकाश बोलली, "रिकामा टोप चुलीवर ठेवला, नि त्यालाबी म्हावऱ्याचा वास आला. तर वास काय जेवनाचा नाय. टोपच धुतला नव्हता."

"तेच! आणि टोप मी."

"ते तर मना लग्न करून आले तवाच कललं होतं," वयनी बोलली, आणि बरणी सरळ केली.

आम्ही क्लब हाऊसमध्ये पोचलो तेव्हा नवीन पट्ट्या बरण्यांमध्ये उभ्या होत्या. वयनी बरणी कमरेवर घेऊनच आली, सोडायला तयार नव्हती. मला दोन्ही हातांत पाण्यानं काठोकाठ भरलेले दोन ग्लास देऊन भिंतीला टेकवून उभं केलं, म्हणजे माझे हात कशाला लागायला नकोत. कल्पना गुरुदत्त साहेबांची. लिफ्टचा हिशेब त्या दिवशी चुकता झाला.

पाणी चढलं. यावेळी निशिगंधा आत आली, एकेक पट्टी बघितली आणि जे दिसलं ते बोलली. एका पट्टीवर लाल रंग पार वर पळालेला. एका पट्टीवर नारिंगी ओघळ वर गेलेला. एक कोरी ती कोरीच. आणि एका पट्टीवर ठिपका जिथं लावला तिथंच बसलेला, कडेला जराशी पिवळी झाक. आमचे मामा. बँजो वाजून गेला तरी टेबलावरून हलले नाहीत.

"ताई, आता सांगा," निशिगंधा बोलली.

कल्पिता सांगायला लागली. वर पळाला तो जिलबीचा रंग. हलला नाही तो मनुकाकींचा मसाला. पाड्याच्या बाजूनं असा आवाज झाला की खालच्या पार्किंगमधल्या गाडीचा अलार्म वाजला. मग साहेबांनी विचारलं, नारिंगी ओघळवाला कोणाचा? कल्पिताचा चेहरा त्या ओघळासारखाच झाला. "तो माझ्याच घरचा," ती बोलली. "काकींची ऑर्डर थांबवली ना, म्हणून शीळफाट्याजवळ रस्त्यावर सुटा मिळाला तो आणला. कालच त्याची अंडाकरी केली."

तिचा नवरा पहिल्या रांगेत बसलेला. त्यानं हळूच पोटावर हात ठेवला.

मग निशिगंधानं ग्लासाचं सांगितलं. मसाल्यात हळकुंड असतं, पाण्यात टाकल्यावर त्याची पिवळट धार खाली जाते, डोळ्यांना वाटतं रंग उतरला. नुसत्या ग्लासानं नक्की काही सांगता येत नाही.

"थोडक्यात, मनुबाईंचा मसाला शंभर टक्के शुद्ध," साहेबांनी माईक घेऊन जाहीर केलं.

"नाही, सर," निशिगंधा बोलली. "या पद्धतीनं फक्त पाण्यात विरघळणारे रंग कळतात. तसा रंग या नमुन्यात आढळला नाही. एवढंच मी बोलू शकते. तेलात विरघळणाऱ्यांसाठी वेगळी टेस्ट लागते, ती कॉलेजच्या लॅबमध्ये मॅडमना सांगून करून घेऊ."

मी भिंतीपाशी दोन ग्लास धरून कळवळलो. अगं पोरी, एवढं सगळं झाल्यावर 'आढळला नाही'? जरा ढोल वाजवून बोल ना! पण वयनी पुढे आली. तिनं बरणी टेबलावर ठेवली आणि सगळ्यांकडे बघून बोलली, "माझी पोर बोलली तेच बरोबर. जेवढं दिसलं तेवढंच बोलली. आईसाठी एक शब्द वाढवला नाय तिनं. आता तुम्हाला काय मानायचं ते माना." मग परत बोलली, "ती बँकेचं नाय शिकत. फॉरेन्सिक शिकते."

निशिगंधा टेबल आवरायला वाकली. फार वेळ वाकलेलीच राहिली.

कल्पितानं तिथंच वयनीची माफी मागितली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टॉवरमधल्या पाच-सहा जणी घेऊन गच्चीवर मिरच्यांची देठं काढायला हजर झाली. शिंकून शिंकून बेजार झाल्या बिचाऱ्या, पण बसल्या. पुढे तेलाचीपण टेस्ट झाली, तीही नीट आली. पाड्याच्या टोकाला कांडप गिरणीचं शेड उभं राहतंय. निशिगंधाला सरकारी प्रयोगशाळेत ट्रेनिंगला बोलावलंय, आणि वयनी आता भाजीवालीलापण 'फॉरेन्सिक' सांगते, तेही र वर जोर देऊन. माझी ती लाल झालेली कोरी पट्टी पोरीनं कॉलेजच्या लॅबमध्ये भिंतीवर लावलीय, नवीन मुलांना 'असं करू नका' हे दाखवायला. आमच्या घराण्यातलं कॉलेजच्या भिंतीवर काहीतरी लागलं, ते असं.

आता शेवटचं. दरवर्षी मसाला झाला की पहिली बरणी वयनी माझ्या घरी पाठवते. यंदाही आली, लाल फडकं बांधलेली. मी मुद्दाम चार मित्रांना जेवायला बोलावलेलं. त्यांच्यासमोर बरणी ठेवली, विज्ञानावर छोटं भाषण केलं, ऐटीत फडकं सोडलं. आत काहीच नाही. तळ दिसतोय. मित्र लोक ताटावर बसून हसतायत. मी फोन लावला.

"वयनी, बरणी रिकामी आली."

"रिकामी नाय रं," पलीकडून वयनी, आणि मागे निशिगंधाचं हसू. "ब्लँक हाय ती. तुजा नमुना."

मी फोन ठेवला. पण मीपण काय कच्चा आहे का? बरणीत नाक घातलं. मसाल्याचा असा ताजा झणझणीत वास! आणि रिकाम्या टोपाला वास आला, तर त्याचा अर्थ काय होतो हे मला आता पाठ आहे. मसाला या बरणीत होता, आणि आमच्याच घरात कोणीतरी तो काढून ठेवलाय. आमची ही सकाळपासून उगाच गुणगुणत होती. मी हळूच स्वयंपाकघरात गेलो, तांदळाच्या डब्यामागे हात घातला, तर स्टीलचा डबा सापडला. झाकण उघडलं, चवीपुरतं एक बोट बुडवलं आणि जिभेवर ठेवलं. आईच्या हातचा. तोच.

केस सोडवली म्हणून बोट चाटत बाहेर आलो, ताटावर बसलो, चेहरा एकदम भोळा केला.

हिनं ताट वाढता वाढता माझ्याकडे बघितलं आणि बोलली, "अहो, जरा हात दाखवा."